टकळी, टीव्ही आणि सात वाजताचा भोंगा

माझी भाची सध्या साताऱ्यात बी.एड. करते आहे. हल्ली बी.एड. दोन वर्षांचं झालंय, आणि त्यात 'माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाचं चिकित्सक आकलन' असं भारदस्त नावाचं एक प्रात्यक्षिक असतं. त्याच्या जर्नलमध्ये तिला 'वर्गात तंत्रज्ञानाचा जबाबदार आणि नैतिक वापर' ह्यावर लिहायचं होतं. "मावशी, तू इतिहासाची ना, मग दोन पानं इतिहास सांग की," असं फोनवर म्हणाली. चॅटजीपीटीला सोडून मावशीला विचारलं ह्याचाच मला एवढा आनंद झाला की लगेच बसले लिहायला! पण ते दोन पानांत काही मावेना. मग म्हटलं इथेच लिहावं, तिला हवं ते ती उचलेल.

आधी थोडा भूगोल. माझं माहेर कराडकडचं, सासर सांगलीचं. 'तुमचा सातारा' आणि 'आमची सांगली' ही जुगलबंदी आमच्या घरात अजून रंगते. पण जुन्या सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि सांगली, मिरज, जत अशी संस्थानं एकत्र करून १९४९ मध्ये जो जिल्हा केला त्याचं नावच मुळी 'दक्षिण सातारा' होतं. सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. माझी थोरली आत्या प्राथमिक शिक्षिका म्हणून लागली तेव्हा तिच्या ऑर्डरवर 'दक्षिण सातारा' होतं. तेव्हा दोन्हीकडचं एकत्र सांगितलं म्हणून कुणी रागावू नये, काय?

भावी शिक्षक आणि यंत्र असा विषय निघाला की मला पहिल्यांदा कर्मवीर भाऊराव पाटील आठवतात. त्यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण त्याआधी हा माणूस विक्रीप्रतिनिधी होता हे लोक विसरतात. ओगलेवाडीच्या काचकारखान्याचा माल त्यांनी विकला (तोच कारखाना, ज्याचा प्रभाकर कंदील लावून आपल्या आज्या-पणज्यांच्या घरातली पोरं अभ्यास करायची), आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत खेडोपाडी फिरले.

नांगराची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते ह्या सगळ्या विषयाचं मूळ तिच्यात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात पहिला लोखंडी नांगर केला. शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमिनीत विष उतरतं, पीक येत नाही, असा समज होता. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानच्या कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, आज ती सांगली जिल्ह्यात आहे. आणि नांगर सगळीकडे झाला.

ही गोष्ट नेहमी 'अडाणी शेतकरी आणि दूरदृष्टीचा उद्योजक' अशी सांगतात. मला तो शेतकरी तितका अडाणी वाटत नाही. त्याचं उत्तर चुकलं होतं, पण त्याने प्रश्न बरोबर विचारला होता. हे अवजार माझ्या जमिनीचं काय करील? बिघडली तर कुणाची बिघडेल? विकणाऱ्याला मग बांधावर उभं राहून, नांगर चालवून दाखवून, त्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागलं. भाऊरावांची निम्मी शाळा बहुधा तिथेच झाली असावी. खेड्यातल्या माणसाला नवी गोष्ट कशी सांगायची, त्याची शंका हसण्यावारी न नेता कशी फेडायची, हे ते नांगर विकता विकता शिकले असं मला आपलं वाटतं. पुढे पोरांना शाळेत घाला म्हणून त्याच बांधांवरून ते फिरले.

शिक्षक तयार करायला त्यांनी १९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढलं (तेच पुढे महात्मा फुल्यांच्या नावाचं अध्यापक विद्यालय झालं), आणि जिथे शाळाच नाही अशा गावांत व्हॉलंटरी शाळा काढल्या. पाचशे अठ्ठ्याहत्तर हा त्यांचा आकडा नेहमी सांगतात. देवळात किंवा चावडीत एक मास्तर, पाट्या, पेन्सिली, खडू, फळा. त्या वर्गात सगळ्यात महागडं 'तंत्रज्ञान' म्हणजे कंदील.

पण माझा मुद्दा पुढचाच आहे. ह्या दोन जिल्ह्यांतल्या शाळांत त्यानंतर एकामागून एक वस्तू आल्या. प्रत्येक वस्तू कशी चालवायची त्याचं प्रशिक्षण झालं. शेतकऱ्याने नांगराला विचारलेला प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही. आणि मग एक मजेशीर (खरं तर अजिबात मजेशीर नसलेली) गोष्ट दर वेळी होत गेली. शिकवण्यासाठी आलेली वस्तू हळूहळू दाखवण्याची वस्तू झाली. मुलांसाठी यंत्र आलं होतं, ते राहिलं बाजूला आणि मुलंच वर पाठवायच्या पुराव्यातला भाग होऊन बसली.

पहिलं उदाहरण टकळीचं. टकळी हे काय तंत्रज्ञान झालं, असं भाची म्हणाली. का नाही? १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर नई तालीम आली. हस्तोद्योगातून सगळं शिकवायचं, सूत काढता काढता गणित यावं, कापसावरून भूगोल यावा, इंग्रजी राज्याचा इतिहास यावा, अशी मूळ कल्पना. कल्पना फार मोलाची होती. स्वातंत्र्यानंतर ट्रेनिंग कॉलेजांत सूतकताई आली आणि प्राथमिक शाळांत टकळीचा तास आला. आमच्या आत्याचं ट्रेनिंग ह्याच काळातलं. ती व्हर्नाक्युलर फायनल झालेली, मग दोन वर्षांचं ट्रेनिंग. टकळी फिरवण्यात तिचा हात असा काही बसला होता की म्हातारपणी वाती वळतानासुद्धा तिची बोटं तशीच फिरायची. (आमच्याकडच्या सगळ्यांना आठवत असेल.)

आत्या सांगायची, शाळेत डिपोटी तपासणीला यायचे तेव्हा पहिल्यांदा सूत बघायचे. किती तार झालं, किती गुंड्या झाल्या. कापसावरून कुणी काय शिकलं हे कोण बघणार, ते मोजता येत नाही ना! गुंड्या मोजता येतात. मग काय, डिपोटी यायच्या आदल्या रात्री आत्या आणि तिची सहकारी शिक्षिका कंदील लावून स्वतः सूत काढत बसायच्या आणि सकाळी ते मुलांच्या नावावर मांडायच्या. हे ती हसत हसत सांगायची. पण एकदा तिने असंही सांगितलं होतं की एका मुलाने तिला विचारलं, "बाई, हे माझं सूत नाही, मग माझं नाव का?" त्यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या पोराने 'नैतिक वापर' ह्या विषयाचं अर्ध जर्नल एका वाक्यात लिहून टाकलं होतं, असं मला आज वाटतं.

पुढची वीस-तीस वर्षं मी भराभर ओलांडते. १९६३ मध्ये आकाशवाणीचं सांगली केंद्र सुरू झालं. १९८४ मध्ये पुण्याला बालचित्रवाणी निघाली, शाळांसाठी मराठीतून कार्यक्रम करायला. त्याच वर्षी केंद्र सरकारने निवडक शाळांत बीबीसी मायक्रो नावाचे संगणक पाठवले. १९८६ चं शैक्षणिक धोरण आलं, १९८७ पासून खडू-फळा मोहीम, आणि शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या योजनेतून शाळांना रेडिओ-कॅसेट प्लेअर आणि रंगीत टीव्ही. त्या टीव्हीचं पुढे काय झालं ते त्या काळात शाळेत असलेल्या कुणालाही विचारा. लाकडी खोक्यात, कुलपात, वर भरतकाम केलेलं कापड. किल्ली हेडमास्तरांच्या कनवटीला. बिघडला तर भरून कोण देणार, ह्या भीतीने टीव्ही सुरूच करायचा नाही, पण डेडस्टॉक रजिस्टरात मात्र तो ठळक अक्षरांत. बालचित्रवाणीने काही फार सुंदर कार्यक्रम केले होते. २०१७ मध्ये तीही बंद झाली आणि आपल्याकडे कुणाला फारसं कळलंसुद्धा नाही. असो.

२००१ मध्ये एमकेसीएल आलं आणि एमएस-सीआयटी गल्लोगल्ली पोचलं. सरकारी नोकरांना, शिक्षकांना ते करणं भाग पडलं. पन्नाशीचे गुरुजी माउस हातात धरून घामाघूम झालेले मी स्वतः पाहिले आहेत, आणि त्यांच्या जिद्दीला मी मनापासून दाद देते. पण त्या अभ्यासात वर्ड होतं, एक्सेल होतं, पॉवरपॉइंट होतं. मुलाचं नाव, जात, पत्ता, फोटो एकदा संगणकात गेला की तो कुणाचा, हा धडा त्यात असल्याचं मला तरी आठवत नाही.

आता साताऱ्याची एक अशी गोष्ट, जिचा मला खरोखर अभिमान वाटतो. कुमठे बीट. बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या शाळांचा गट, हे शिक्षकांच्या घरात सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. सातारा जिल्ह्यातल्या ह्या बीटात चाळीसेक जिल्हा परिषद शाळा. तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे ह्यांनी शिक्षकांना बरोबर घेऊन ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग बदलले. फळे खाली आले, मुलांच्या हाताला लागतील असे. फरशीवर संख्या, अक्षरं, तक्ते रंगवले. गारगोट्या, बाटल्यांची झाकणं, काड्यांचे गठ्ठे ह्यांतून मुलं दशक-एकक शिकू लागली. पहिलीतलं पोर वाचायला लागलं. २०१५ च्या जूनमध्ये राज्य सरकारने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम काढला, त्याला कुमठे बीटाचं काम हा मोठाच आधार होता. गाड्या भरभरून शिक्षक बघायला येऊ लागले. सोलापूर, औरंगाबाद, विदर्भ, कुठकुठून.

ह्या सगळ्यात विजेवर चालणारं काही नव्हतं म्हटलं तरी चालेल. तरीही मी त्याला तंत्रज्ञानच म्हणते, कारण मुलाच्या हाताला आणि डोक्याला काय लागतं ह्याचा विचार करून तिथे वस्तू निवडली होती. त्यामुळे फळा नेमका किती खाली आणायचा हे पोराच्या उंचीवरून ठरलं.

आणि मग व्हॉट्सॲप आलं. बघायला आलेल्या शिक्षकांनी फोटो काढले, ग्रुपवर टाकले. एका रात्रीत रंगवलेली फरशी महाराष्ट्रभर पोचली. चांगलंच झालं, नाही का? झालंही चांगलं, पुष्कळ ठिकाणी. पण फोटोत फरशी दिसते, त्या फरशीवर बसून बाई मुलाशी काय बोलतात ते दिसत नाही. मग कित्येक शाळांनी ऑइलपेंट आणला, फरशी रंगवली, फोटो काढला आणि वर पाठवला, 'आमची शाळा ज्ञानरचनावादी'. फरशीवर पोरं मात्र ओळीत बसून पूर्वीसारखीच पाढे घोकत होती. पुन्हा तेच, रात्री काढलेलं सूत! ह्यात मी शिक्षकांना फार दोष देत नाही. वरून फोटो मागितला की खालून फोटोच जाणार.

फोटो मागण्याची कमाल झाली ती सेल्फीच्या वेळी. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने आदेश काढला, की जानेवारीपासून शिक्षकांनी दर सोमवारी दहा-दहा मुलांचे गट करून त्यांच्यासोबत सेल्फी काढायचा आणि 'सरल' ह्या प्रणालीत मुलांच्या नावांसकट चढवायचा. हेतू वाईट नव्हता. शाळा सोडणारी मुलं कळावीत, अनियमित मुलांना शाळेची ओढ लागावी, असा होता. शिक्षकांनी कडाडून विरोध केला. मोबाइल आमचा, नेट आमचं, रेंज नाही, वेळ कुठून आणायचा? जानेवारी २०१७ मध्ये अंमलबजावणी थांबली.

शिक्षकांची सगळी कारणं खरी होती. माण-खटावच्या वाड्यावस्त्यांवर आणि जतच्या टोकाच्या गावांत त्या काळात रेंज शोधायला टेकडीवर चढायला लागायचं हे मला ठाऊक आहे. पण तेव्हाच्या त्या वादात एक वाक्य मी शोधत होते आणि ते मला फारसं कुठे सापडलं नाही. 'ह्या मुलाच्या आईबापाला विचारलंय का?' मुलाचा चेहरा हा त्याचा आहे, हजेरीपटाचा कागद नाही, हे आमच्या बाजूनेही कुणी जोरात म्हटलं नाही. पटसंख्येची चोरी शिक्षक करतात असा सरकारला संशय, कामाचा बोजा वाढतो अशी शिक्षकांची तक्रार, आणि दोघांच्या मध्ये दहा-दहाच्या गटात उभी केलेली पोरं.

भाचीशी बोलताना कळलं की तिच्या सराव पाठांच्या जर्नललाही पाठ चालू असतानाचे फोटो चिकटवावे लागतात. मुलांचे चेहरे दिसले पाहिजेत, नाहीतर पाठ घेतला कशावरून? मी तिला म्हटलं, वर्गाच्या मागच्या भिंतीपाशी उभं राहून काढायला सांग. फळा दिसेल, तू दिसशील, पोरांच्या पाठमोऱ्या वेण्या आणि टोप्या दिसतील. "मार्क जातील ना गं मावशी," म्हणाली. इंटर्नशिपच्या दोन मार्कांचा हा प्रश्न मला त्या जाडजूड नावाच्या प्रात्यक्षिकापेक्षा महत्त्वाचा वाटतो. अभ्यासक्रमाच्या नावात 'चिकित्सक' हा शब्द २०१५ पासून, म्हणजे बी.एड. दोन वर्षांचं झालं तेव्हापासून आहे. त्याला जागायचं तर सुरुवात कॉलेजच्या जर्नलपासूनच करायला हवी.

हे सगळं चाललं होतं तोवर २०२० चा मार्च आला. शाळा बंद, पण शिक्षण सुरू, अशी घोषणा झाली. व्हॉट्सॲपवर रोजचा अभ्यास यायला लागला. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता त्या घराने कर्ज काढून घेतला. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांचा एक फोन, तो त्यांच्याबरोबर फडात, आणि पोर गावात आजीपाशी. अशा वेळी आपल्या शिक्षकांनी जे केलं त्याला तोड नाही. कुणी देवळाच्या ओट्यावर अंतर ठेवून शिकवलं, कुणी साध्या फोनवरून गोष्टी सांगितल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी तर त्याच वर्षाच्या डिसेंबरात जगात नावाजले गेले, पुस्तकांतल्या क्यूआर कोडच्या कामासाठी, आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांना वाटून टाकली. मला त्यांचं कोडपेक्षा हे वाटून टाकणं जास्त लक्षात राहिलं.

पण त्या घाईत कुठलं ॲप मुलाबद्दल काय गोळा करतं, हे बघायला उसंत कुणाला होती? २०२२ च्या मे महिन्यात ह्यूमन राइट्स वॉच ह्या संस्थेने ४९ देशांतली, सरकारांनी शिफारस केलेली शैक्षणिक ॲप आणि संकेतस्थळं तपासून अहवाल काढला. त्यात आपलं 'दीक्षा'ही होतं. मूल नेमकं कुठे आहे हे टिपण्याची सोय त्यात असल्याचं त्यांनी दाखवलं. पुढच्या जानेवारीत बातमी आली की दीक्षाची साठवण एका असुरक्षित सर्व्हरवर उघडी पडली होती आणि त्यात लाखो शिक्षकांची, विद्यार्थ्यांची माहिती होती. त्यातल्या एकाही गुरुजींनी काही चूक केली नव्हती. सांगितलं ते ॲप त्यांनी मुलांना घ्यायला लावलं होतं, इतकंच.

२०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, असं तो सांगतो (शाळांना काही सवलती आहेत, नियम टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत, तो तपशील इथे नको). आणि इकडे 'अपार' हा विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक. तो ऐच्छिक आहे असं केंद्र सरकारच सांगतं. पण २०२४ च्या डिसेंबरात त्याचे 'मेगा' दिवस पाळले गेले आणि किती टक्के झालं ह्याचे तक्ते सुरू झाले. आता सांगा, ऐच्छिक गोष्टीचे टक्के मोजायला लागलं की ती किती ऐच्छिक उरते? पालक सभेला आलेली बाई, शेतावरून थेट आलेली, मास्तरांनी पुढे केलेल्या कागदावर सही करते ती कागद वाचून नाही, मास्तरांवरच्या विश्वासावर करते. कागदावर संमती कुणाची आहे मग, तिची की मास्तरांची? नांगर विकणारा निदान तिच्या बांधावर येऊन उत्तर देत होता.

ह्या सगळ्या उलाढालीत एका गावाने मात्र तो जुना प्रश्न विचारला, आणि तो शिक्षकांनी किंवा कॉलेजने नाही, गावाने विचारला. सांगली जिल्ह्यातलं, कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. साधारण तीन हजार वस्तीचं, उसावर जगणारं बऱ्यापैकी गाव. लॉकडाउनमध्ये पोरांच्या हातात फोन आले ते शाळा सुरू झाल्यावर परत गेलेच नाहीत. पोरं शाळेच्या आधी फोन बघत, शाळेतून आली की पुन्हा फोन. वाचायला-लिहायला नको म्हणतात, कंटाळतात, हे शिक्षकांच्या लक्षात आलं होतं. घरात वेगळी अभ्यासाची खोली नाही, एकाच खोलीत टीव्ही, चूल, आजी आणि दप्तर.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथले सरपंच विजय मोहिते ह्यांनी सूचना मांडली. रोज संध्याकाळी सात वाजता भैरवनाथाच्या देवळावर भोंगा वाजेल. घरातले सगळे टीव्ही, मोबाइल बंद. दीड तास मुलांनी वाचायचं-लिहायचं, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं. साडेआठला दुसरा भोंगा, मग ज्याला काय लावायचं ते लावावं. पुरुषांना पहिल्यांदा हे सगळं हसण्यावारी न्यावंसं वाटलं. मग बायकांची सभा भरली. आणि मला ह्यातलं सगळ्यात आवडलेलं हे की पोरांना नावं ठेवायच्या आधी त्यांनी स्वतःकडे बोट दाखवलं. मालिका बघण्यात आमचाच फार वेळ जातो, हे त्यांनीच कबूल केलं. मग पुन्हा बैठक झाली, भोंगा ठरला, स्वातंत्र्यदिनापासून सुरू झाला.

पहिले काही दिवस भोंग्यावर भागलं नाही. ग्रामपंचायतीचे कर्मचारी, आशाताई, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक ह्यांना गल्लीगल्लीतून फिरून 'बंद करा हो' असं सांगावं लागलं. निवृत्त शिक्षक! नोकरीत असताना वरून आलेलं प्रत्येक यंत्र रजिस्टरात नोंदवलेली ती माणसं, आता यंत्र बंद करायला दारोदार फिरत होती. ह्या गावाची बातमी बीबीसीपर्यंत गेली. पाठोपाठ दुसऱ्या गावांनीही आपापल्या वेळा ठरवून बघितल्या. काहींनी टीका केली की हा दीड तासाचा देखावा आहे, साडेआठनंतर पोरं तीच. असेलही. भोंगा हेही एक यंत्रच, आणि देवळावरचा भोंगा प्रत्येक गावात चालेल असं नाही, तेही मान्य.

तरीपण मला वडगावचं एक वेगळं वाटतं. तिथे कुणी फोटो मागितला नव्हता. टक्के नव्हते, तक्ता नव्हता. कुठलं पोर काय वाचतंय हे वर कुणाला पाठवायचं नव्हतं. पत्रकार येऊ लागले तेव्हा फोटो निघाले ते निघाले, पण सुरुवात झाली ती आपल्या घरातल्या वस्तूचं काय करायचं हे बाया-माणसांनी देवळापाशी बसून ठरवलं म्हणून. आधी मोठ्यांनी स्वतःचा टीव्ही बंद केला, मग पोरांचा फोन. सातला भोंगा व्हायचा, घराघरांतून मालिकांचे आवाज थांबायचे, पोरं उंबऱ्यात नाहीतर ओट्यावर पुस्तक घेऊन बसायची आणि त्यांच्या शेजारी आया भाजी निवडायच्या. साडेआठला दुसरा भोंगा झाला की अर्ध्या घरांत टीव्ही पुन्हा लागायचा.